‘अपलोड झालं’ म्हणतं, पण फोटो दिसत नाहीत: फोटोच्या साइटवर नव्याने आलेल्यांसाठी तपासणी

नाशिकच्या पंचवटीत मालेगाव स्टँडच्या बाजूच्या गल्लीत माझं फोटो छापायचं आणि जुने फोटो स्कॅन करायचं दुकान आहे. गेली काही वर्षं छपाईपेक्षा एका वेगळ्याच तक्रारीसाठी माणसं जास्त येतात. “ताई, त्या फोटोच्या साइटवर खातं काढलं, रात्रभर फोटो टाकत बसलो आणि सकाळी बघतो तर काहीच नाही.” कोणाला शनी चौकातल्या रहाडीचे, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदाचे, रंगपंचमीचे फोटो पुण्यातल्या मुलीला दाखवायचे असतात. कोणाला नांदूर मध्यमेश्वरला थंडीत टिपलेले पक्षी चार जाणकारांसमोर मांडायचे असतात. दिंडोरीकडचे एक काका द्राक्षाच्या पानांवरचे डाग कृषी सल्लागाराला दिसावेत म्हणून दर आठवड्याला अल्बम करतात. तक्रार एकच, कारणं डझनभर.

ती कारणं मी दुकानात ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते. आधी मिनिटभराची आणि फुकटची, मग वेळ खाणारी, शेवटी पैसे लागणारी. क्रम मोडू नका. आधीच ॲप काढून टाकणारे किंवा फोन रीसेट करून आलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा शोधायला काही उरलेलंच नसतं.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

- गोल फिरत राहतं, किंवा टक्के एका आकड्यावर अडकतात.
- ‘पूर्ण झालं’ अशी खूण येते, पण संगणकावर तेच खातं उघडलं की अल्बम रिकामा.
- काही फोटो जातात, काही नाही. दर वेळी तेच राहतात, की दर वेळी वेगळे?
- तुम्हाला दिसतात, पण ज्याला लिंक पाठवली त्याला दिसत नाहीत.
- फोटो जातात, पण धूसर दिसतात किंवा रंग उतरल्यासारखे.
- खातंच पुरं होत नाही. ओटीपी नाही, मेल नाही.

तिसऱ्या लक्षणातला प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, कारण निम्मा उलगडा तिथेच होतो. दर वेळी नेमके तेच फोटो अडत असतील तर खोट त्या फोटोंत आहे. दर वेळी वेगळे अडत असतील तर नेट किंवा फोन. लोक म्हणतात “काही जातात, काही नाही” आणि पुढे बघतच नाहीत. अडलेल्या दोन फोटोंची नावं किंवा तारखा कागदावर लिहा, पुन्हा प्रयत्न करा, मग ताडून बघा.

काहीही करण्याआधी

फोनमधला एकही फोटो पुसू नका. ॲप काढू नका. कार्ड फॉरमॅट करू नका.

हे मी माझ्या नुकसानीवरून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, मोठा पूर आला होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून आपण नाशिककर पूर मोजतो, म्हणून मी एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून, एकाच जागेवरून, तासातासाने त्याचे फोटो घेत होते. रात्री ते एका साइटवर टाकले. पट्टी भरली, खूण आली, ॲपमध्ये सगळे फोटो ओळीने दिसले. फोन गच्च भरला होता, म्हणून गॅलरी रिकामी केली आणि ट्रॅशही. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या संगणकावर खातं उघडलं तर सकाळचे फोटो होते, पाणी चढत गेलं ते दुपारचे नव्हते. ॲपने आदल्या रात्री मला जे दाखवलं होतं, त्यातले बरेच फोटो साइटवरचे नव्हतेच. ते माझ्याच फोनमधले होते. बरीचशी ॲप दोन्ही ठिकाणचे फोटो एकाच जाळीत मांडतात आणि फरक दाखवायला एवढंसं ढगाचं चिन्ह ठेवतात.

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला हेच सांगते, आणि हा सगळा मजकूर लिहिण्याचं कारणही हेच: फोटो चढला की नाही हे ज्या फोनवरून चढवला त्या फोनला विचारायचं नाही. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच्या फोनवर किंवा संगणकावर खातं उघडायचं आणि फोटो मोठा करून पाहायचा. मोठा करूनच, कारण छोटी चित्रं कधीकधी आधी पोचतात आणि मूळ फाइल मागे राहते. पहिला, शेवटचा आणि मधले चार उघडून बघा. एकूण आकडाही जुळवा. दुसऱ्याच्या यंत्रावर पाहिलंत तर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

एक आणखी. गूगल फोटोजसारख्या ॲपमध्ये जाऊन फोटो डिलीट केला, तर तो साइटवरूनही जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. साइटवर पोचलेला फोटो चुकून पुसला गेला तर तिथल्या ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो. त्यामुळे चूक झाली असेल तर घाबरण्याआधी तिथे बघा.

खातं कोणतं उघडलंय?

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त सापडणारं कारण हे, आणि सगळ्यांत सोपंही. मोबाइल घेताना दुकानदाराने एक मेल आयडी काढून दिलेला असतो, मुलाने नंतर दुसरा काढून दिलेला असतो. फोटो एकात जातात, माणूस बघतो दुसऱ्यात. ॲपच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, पूर्ण मेल आयडी दिसेल. संगणकावरही तेच करा. दोन्ही आयडी अक्षर न् अक्षर जुळवा. आडनावानंतरचा एखादा आकडा वेगळा असतो आणि नजर तिथून निसटते.

इंदिरानगरच्या एका आजी नातवाच्या बारशाचे फोटो हरवले म्हणून डोळ्यांत पाणी घेऊन आल्या होत्या. खात्याची यादी उघडली तर त्यात तीन आयडी. तिसऱ्यात सगळे फोटो जसेच्या तसे होते.

याच मिनिटात फोनची तारीख आणि वेळ बघून घ्या. फोनचं घड्याळ खूप पुढे-मागे असेल तर साइटशी होणारी सुरक्षित जोडणीच नाकारली जाते आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं काहीतरी येतं. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की हे मिटतं.

फोटो भलत्याच वर्षाखाली गेलेत का?

पक्षी टिपणाऱ्यांचं आणि जुना कॅमेरा वापरणाऱ्यांचं हे हमखास दुखणं. गूगल फोटोजसारखी साइट फोटो कधी चढवला यावर लावत नाही, कधी काढला यावर लावते. ती तारीख फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते आणि ती कॅमेऱ्याच्या घड्याळावरून येते. कॅमेरा वर्षभर कपाटात पडून राहिला, आतली छोटी बॅटरी उतरली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी १ जानेवारीवर जाऊन बसतं. निफाडकडून रविवारी संध्याकाळी परत येऊन दोनशे फोटो टाकणारा माणूस सर्वांत वर बघतो आणि म्हणतो, गेलेच नाहीत. ते गेलेले असतात, दहा-बारा वर्षं खाली.

उपाय: ‘नुकतेच टाकलेले’ अशा अर्थाचा पर्याय बहुतेक साइटवर असतो, तो उघडा. नाहीतर थेट तळाशी जा. सापडले की साइटवरच त्या सगळ्यांची तारीख एकत्र बदलता येते का बघा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आजच लावून टाका.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं उलट होतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि आतली तारीख, जागा वगैरे माहिती काढून टाकतं. २०१५ च्या सिंहस्थातले फोटो भावाने काल व्हॉट्सॲपवर पाठवले आणि तुम्ही ते साइटवर टाकले, तर ते कालच्या तारखेखाली दिसतात. धूसर दिसण्याची तक्रारही बहुतेकदा इथूनच येते. भावाला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग फाइल मूळ रूपात येते. आता पुन्हा सिंहस्थ जवळ आलाय, घराघरांतून जुने अल्बम बाहेर निघतील, तेव्हा हे लक्षात ठेवा.

खातं अर्धवट तर राहिलं नाही?

नवं खातं काढल्यावर साइट मेलवर एक पुष्टीची लिंक पाठवते. ती दाबली नाही तर काही साइट आत जाऊ देतात, पण फोटो टाकू देत नाहीत किंवा टाकलेले इतरांना दाखवत नाहीत. मेल आला नसेल तर स्पॅममध्ये आणि ‘प्रमोशन्स’मध्ये बघा. पुन्हा पाठवा, पण सलग पाच वेळा नको. दर वेळी आधीची लिंक निकामी होते आणि माणूस जुनीच दाबत बसतो. ओटीपी येत नसेल तर दिलेला नंबर आकडा न् आकडा तपासा. एखादा चुकलेला असू शकतो.

एका फोटोची परीक्षा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर दोनशे फोटो बाजूला ठेवा. आत्ता, उभ्या उभ्या, समोरच्या भिंतीचा एक फोटो काढा आणि फक्त तेवढाच टाका. तो गेला, तर खातं, नेट आणि ॲप तिन्ही ठीक आहेत. दोष तुमच्या फोटोंत किंवा त्यांच्या संख्येत आहे. तो गेला नाही, तर फोटोंकडे बघायचंच नाही. दोन मिनिटांत निम्मी कारणं गळून पडतात.

नेट: येण्याचा वेग आणि जाण्याचा वेग

“ताई, नेट जबरदस्त आहे, सिनेमा अडकत नाही.” सिनेमा येतो, फोटो जातो. येण्याचा आणि जाण्याचा वेग बऱ्याच जोडण्यांवर सारखा नसतो, आणि मोबाइल डेटावर जाण्याचा वेग पुष्कळ कमी असतो. वेग मोजायच्या कोणत्याही साइटवर ‘अपलोड’च्या पुढचा आकडा बघा. ‘डाउनलोड’चा आकडा इथे कामाचा नाही.

आता हिशेब करू. फोनचा एक फोटो साधारण ५ एमबी धरा. वेग मोजतात सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) यात आणि ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे एक फोटो ४० मेगाबिट. जाण्याचा वेग १ एमबीपीएस असेल तर एका फोटोला ४० सेकंद. लग्नाचे ३०० फोटो असतील तर १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं, तेही मध्ये एकदाही खंड न पडता. तोच वेग १० असेल तर २० मिनिटांत काम होतं. ज्यांना वाटतं साइट बिघडलीये, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची साइट नुसती रांगेत काम करत असते.

शिवाय रोजच्या डेटाची मर्यादा आहेच. दिवसाला १.५ जीबीचा पॅक असेल तर असे ३०० फोटो म्हणजे सगळा दिवसाचा डेटा. तो संपला की वेग इतका पडतो की टक्के हलतच नाहीत. म्हणून अनेक ॲप मुळातच वाय-फाय मिळेपर्यंत थांबून राहतात. ‘वेटिंग फॉर वाय-फाय’ असं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरांत.

पर्वणीच्या, रामनवमीच्या किंवा रथाच्या दिवशी रामकुंडावर उभं राहून फोटो चढवायचा प्रयत्न करू नका. एका टॉवरवर हजारो फोन एकाच वेळी लटकलेले असतात. फोटो काढा, घरी या, मग टाका.

आणि फोनची बॅटरी वाचवण्याची सोय. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चाललेली कामं थांबवतो. रात्री उशाशी फोन ठेवून झोपलं की सकाळी सतरा फोटोच गेलेले का, त्याचं उत्तर हे. फोन चार्जरला लावा, बॅटरी सेव्हर बंद करा, त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. तरी अडत असेल तर पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी टाका.

जागा उरलीये का?

गूगल फोटोजवर १ जून २०२१ पासून टाकलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजला जातो, आणि ती जागा जीमेल आणि ड्राइव्हशी सामाईक आहे. म्हणजे फोटो कमी असूनही मेलमधल्या जाडजूड पीडीएफनी जागा संपलेली असू शकते. ती संपली की फोटो थांबतात, पुढे मेल येणंही थांबू शकतं. फ्लिकर या फोटोंच्या साइटवर हिशेब जीबीचा नाही, संख्येचा आहे. फुकट खात्यात फोटो आणि व्हिडिओ मिळून १०००, आणि त्यातले फक्त ५० खासगी ठेवता येतात. एक फोटो २०० एमबीपेक्षा मोठा चालत नाही, पण घरगुती वापरात ही मर्यादा कोणाला आडवी येत नाही.

पैसे भरून जागा वाढवण्याआधी खात्यातले लांबलचक व्हिडिओ आणि ‘शुभ सकाळ’ची चित्रं काढा. माझ्यासमोर एका काकांच्या खात्यातून एवढ्यानेच काही जीबी सुटली होती.

परवानगी आणि फोल्डर

अँड्रॉइड १४ आणि आयफोनचं आयओएस १४ आल्यापासून फोन विचारतो की या ॲपला सगळे फोटो दाखवायचे की निवडलेलेच. घाईत ‘निवडलेलेच’ दाबलं जातं. मग ॲपला ते सात-आठ फोटोच दिसतात, आणि नवे काढलेले त्याच्या खिजगणतीत नसतात. सेटिंगमध्ये ॲप शोधा, परवानग्यांत फोटोंपुढे ‘सगळे’ करा. आपोआप चढवायची सोय चालू असेल तर कोणती फोल्डरं निवडलीत तेही बघा. सहसा फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर निवडलेलं असतं. व्हॉट्सॲपचं, स्कॅन केलेल्यांचं, मेमरी कार्डवरचं वेगळं सांगावं लागतं.

आता फाइलकडे

नेमके तेच फोटो अडतात, असं ज्यांच्या कागदावर निघालं त्यांच्यासाठी हा भाग.

आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात. जागा कमी लागते, पण सगळ्या साइट आणि जुने संगणक तो प्रकार ओळखत नाहीत. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो साध्या जेपीईजीत येतात. आधीचे मात्र बदलून घ्यावे लागतात.

मोठ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल, म्हणजे निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२ किंवा सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू, या तर कच्चा माल आहेत. साइटवर टाकायला त्यांतून जेपीईजी काढा. रॉ घरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवा.

रंगांची तक्रार माझ्या धंद्यातली, म्हणून चार ओळी जास्त. लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करणाऱ्याने दिलेली फाइल कधीकधी सीएमवायके असते. ती छापखान्याच्या शाईसाठी बनलेली असते. साइट ती घेतच नाही, किंवा घेते आणि शालू भलत्याच रंगाचा दिसतो. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी (रंग नोंदवायची एक पद्धत) लावलेलं असेल तर उलट, सगळं फिकं पडतं: रहाडीतला गुलाबी विटक्या साडीसारखा दिसतो. नेटवर दाखवायच्या फोटोला एसआरजीबी ही पद्धत हवी. फोटो दुरुस्त करायच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये फाइल बाहेर काढताना हा पर्याय समोर येतो, आणि कॅमेऱ्याच्या मेनूतही एकदाच बदलून ठेवता येतो.

फाइलच्या नावात टक्क्याचं, प्रश्नाचं किंवा हॅशचं चिन्ह असेल तर काही साइट अडतात. नाव साधं करून बघा. आणि फाइलचा आकार ० केबी दाखवत असेल तर आत फोटोच नाही. तो कॉपी होताना अर्ध्यात तुटलाय. कार्डावरून पुन्हा कॉपी करा, आणि कॉपी चालू असताना केबल हलवू नका.

ॲप आणि ब्राउझर

ॲप अपडेट करा, फोन एकदा बंद करून चालू करा. मग सेटिंगमधून ‘क्लिअर कॅशे’. शेजारीच ‘क्लिअर डेटा’ असतं, त्याला हात लावू नका. कॅशे म्हणजे ॲपने सोयीसाठी ठेवलेला कचरा, डेटा म्हणजे तुमचं लॉगिन आणि अर्धवट राहिलेली रांग. संगणकावर असाल तर इन्कॉग्निटो खिडकीत (ब्राउझरची खासगी खिडकी, जिला तुमचं आधीचं लॉगिन माहीत नसतं) साइट उघडून फोटो टाकून बघा. तिथे गेला तर ब्राउझरमधलं एखादं जाहिरात अडवणारं जोडकाम (एक्स्टेन्शन) आड येत असावं.

मला दिसतात, त्यांना दिसत नाहीत

याची कारणं दोनच, पण लोक यावर तासन् तास घालवतात. पहिलं, लिंक चुकीची पाठवलेली असते. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून पाठवला तर तो तुमच्या लॉगिनसाठीचा असू शकतो. साइटवरच ‘शेअर’ दाबून मिळणारी लिंकच पाठवा. दुसरं, अल्बम ‘सर्वांसाठी’ असतो, पण आतले फोटो ‘फक्त मी’ वर राहिलेले असतात, किंवा उलट. तपासायची रीत सोपी आहे: ती लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे तुम्हाला जे दिसतं तेच परक्या माणसाला दिसतं.

हीच खिडकी आणखी एका कारणासाठी उघडा. नको ते तर दिसत नाही ना? ‘लिंक असलेल्या कोणालाही’ म्हणजे ती लिंक पुढे ज्या ज्या ग्रुपवर जाईल त्या सगळ्यांना. घरात काढलेल्या फोटोत जागेची माहिती चालू असेल तर नकाशावर तुमचं घर उमटतं. लेकरांचे फोटो, घराची पाटी, गाडीचा नंबर, आधार कार्डाचा चुकून गेलेला फोटो, हे सगळं आधी ‘फक्त मी’ वर ठेवा आणि मग निवडून निवडून खुलं करा. मी नव्या माणसाचं खातं काढून देते तेव्हा पहिलं सेटिंग हेच लावते.

इथे थांबा

काही ठिकाणी स्वतः खटपट करणं म्हणजे नुकसान वाढवणं.

घरात कुठल्याच फोनवरून, कुठल्याच साइटवर काही जात नसेल आणि राउटर बंद-चालू करूनही अपलोडचा आकडा शून्याजवळ असेल, तर लाइन तपासायला नेटवाल्यांना बोलवा. राउटरच्या आतली सेटिंग चाळत बसू नका.

खात्याचा पासवर्ड अचानक चालेनासा झाला, किंवा न मागता ओटीपी यायला लागले, तर फोटोंचं बाजूला ठेवा. साइटच्या स्वतःच्या ‘पासवर्ड विसरलात’ या वाटेनेच खातं परत मिळवा. नेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिथे मांडून ठेवलेले पुष्कळ नंबर ठगांचे असतात. समोरचा माणूस स्क्रीन दिसण्यासाठी ॲप टाकायला सांगू लागला तर त्याच क्षणी फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

फोन पाण्यात पडला, चालू होत नाही आणि फोटो फक्त त्यातच आहेत, तर चार्जर लावू नका, तांदळात पुरून वाट बघू नका. बंदच ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. त्याला पहिल्यांदा सांगा, फोन नाही वाचला तरी चालेल, फोटो हवेत. मग तो कामाची पद्धत त्याप्रमाणे ठेवतो.

आणि मेमरी कार्ड. कार्ड रीडरमध्ये घातल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘नाही’. आधी फक्त दोन गोष्टी करा: दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा, आणि कार्डाच्या पितळी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. पुष्कळदा रीडरच खराब असतो आणि तो दोन-तीनशे रुपयांत बदलता येतो. तरीही तोच प्रश्न आला तर तिथेच थांबा. फोटो पुसले गेले किंवा कार्ड बिघडलं तरी आतला मजकूर बराच काळ जागेवर असतो. त्याच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र तो खरोखर जातो. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम असे फोटो शोधतो, पण तो संगणकाची सवय असलेल्यानेच चालवावा, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर कधीच उतरवू नयेत. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसाचे फोटो असतील तर हाही प्रयोग घरी नको, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. काम सुरू करण्याआधी तपासणीचे पैसे किती आणि फोटो निघाले नाहीत तर किती, हे लिहून घ्या.

त्याच्याकडे नेईपर्यंत कार्ड कॅमेऱ्यातून काढून कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर लिहा: कोणता कॅमेरा, कोणत्या तारखेचे फोटो, बिघाड कधी दिसला आणि त्यानंतर त्यावर काय काय करून बघितलं.